पट्ट्याच्या कारखान्यात चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार

ओहेअर विमानतळावर सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, मावशीची बॅग काही आली नाही. काउंटरवर फॉर्म भरला, बॅग सापडली की कुठे पाठवायची म्हणून हॉटेलचा पत्ता लिहिला. तो वाचून तिथल्या मुलीने भुवया उंचावल्या आणि एकदा मावशीकडे पाहून घेतलं. मावशीच्या अंगावर सुती सहावारी, वर माझ्या मावसभावाचा करडा हुडी, पायात पांढरे बूट. वय अडुसष्ट.

"काय म्हणते ती?"

"काही नाही. चांगलं हॉटेल आहे म्हणते."

चांगलं म्हणजे सोहो हाऊस, सदस्यांच्या एका क्लबाचं हॉटेल. शिकागोत माझं शुक्रवारचं एका दिवसाचं काम होतं, त्याला पुढचेमागचे दिवस जोडले. मावशी मुलाकडे तीन महिन्यांसाठी आली होती आणि पाचव्या आठवड्यातच "याच्या घरात मला करायला काही ठेवलेलंच नाही" म्हणून वैतागली होती. तिला बरोबर घेतलं. ऑफिस देतं तेवढ्या पैशांत विमानतळाजवळची साधी खोली आली असती; वरचे मी घातले, निव्वळ हौस.

हा क्लब मूळचा लंडनचा. निक जोन्स नावाच्या रेस्टॉरंटवाल्याने १९९५ मध्ये ग्रीक स्ट्रीटवर, आपल्याच रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यांवर काढलेला. सदस्य व्हायचं तर अर्ज करायचा, मग समिती ठरवते. नुसत्या पैसेवाल्यांपेक्षा सिनेमा, फॅशन, जाहिरात, लेखन असल्या धंद्यांतली माणसं आम्हाला हवीत, असा त्यांचा पहिल्यापासूनचा बाणा. पैसे लागतातच, तो भाग वेगळा. मी सदस्य नाही. पण खोली घेतली की मुक्कामापुरती क्लबची दारं उघडत होती, त्या सवलतीवर आमची स्वारी.

ब्लू लाइनने क्लार्क-लेकपर्यंत आलो, जमिनीखालून वर चढून ग्रीन लाइन धरली, दुसरं स्टेशन मॉर्गन. लेक स्ट्रीटच्या डोक्यावरून लोखंडी खांबांवर जाणारी ही गाडी १८९३ सालापासून धावते आहे, आणि आवाज करण्यात तिने काटकसर केलेली नाही. जिना उतरून चालताना मी मावशीला माझी माहिती ऐकवत होते. इमारत १९०७ सालची. शिकागो बेल्टिंग कंपनी नावाचा कारखाना होता. क्लब तिथे २०१४ मध्ये आला. आधी चामड्याचे पट्टे बनायचे.

"कसले पट्टे?"

"कमरेचे असतील. बेल्ट."

मावशी भर फुटपाथवर थांबली. "कमरेच्या पट्ट्यांना अख्खी इमारत? अगं, मशीनचे असणार. गिरणीला असतो तसले."

मावशीने तेहतीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आहे. मी निमूट फोन काढून पाहिलं. मशीनचेच होते.

इमारत बाहेरून अजिबात नटलेली नाही. ग्रीन स्ट्रीटवर विटांचा भक्कम ठोकळा, खिडक्यांच्या सरळ रांगा, बस्स. आत शिरलं की मात्र एकदम मंद दिवे, जाड गालिचे, बुडून जावं असे सोफे, आणि प्रत्येक सोफ्यावर एक लॅपटॉप व त्यामागे एक माणूस. तळमजल्याच्या या बैठकीचं नाव द अ‍ॅलिस; अ‍ॅलिस बिल्डिंग हे इमारतीचंच जुनं नाव. इथे कोणीही येऊन बसू शकतं. वर जायला किल्ली लागते.

या मंडळींच्या हॉटेलांत खोल्यांना टायनी, स्मॉल, मीडियम अशी सरळ नावं असतात. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. डीलक्स म्हणून पिटुकली खोली गळ्यात मारण्यापेक्षा आधीच सांगून टाकलेलं बरं. सगळ्या मिळून चाळीसच खोल्या आहेत. आमची मीडियम होती: उंच छत, मोठी खिडकी, जुन्या धाटणीचा रेडिओ, आणि खिडकीजवळ, पलंगापासून चार पावलांवर, पांढराशुभ्र टब.

मावशीने टबाला एक प्रदक्षिणा घातली. "मोरी खोलीत आणून ठेवली?"

"तशी पद्धत आहे."

"आणि तू पलंगावर बसून काय माझी आंघोळ बघणार?"

टबाच्या काठावर तिने रात्री हुडी वाळत घातला. चारही दिवस त्या टबाचा दुसरा उपयोग झाला नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी मी कामाला गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अडीचला परतले तर मावशी द अ‍ॅलिसमध्ये कोपऱ्यातला सोफा धरून बसलेली. बॅग अकरा वाजता आली होती, तिने ती स्वतः उघडून तपासली होती, लाडवांचा डबा शाबूत होता. माझ्याविना तिने दोन कॉफ्या मागवल्या होत्या. भाषा न येता कशा, ते मला सांगितलं नाही.

"मी छत बघत बसले होते," ती म्हणाली. "शाफ्ट इथून गेला असणार. या अंगाने."

मला शाफ्ट म्हणजे काय ते नीट कळत नाही हे तिच्या लक्षात आलं. मग तिने हुडीची नाडी ओढून बाहेर काढली, टोकं बांधून तिची माळ केली, दोन रिकामे कप जवळ ओढले आणि माळ त्यांच्याभोवती घातली. हा कप म्हणजे इंजिनाकडची पुली. हा मशीनची. हा फिरवला की तो फिरतो, त्याच दिशेला. आता बघ. तिने माळेला मधे एक तिढा दिला, इंग्रजी आठ होईल असा. कप फिरवला, दुसरा उलटा फिरला. "तिढ्याचा पट्टा. उलटं फिरवायचं तर एवढंच करायचं. वेगळं मशीन लागत नाही. आणि मशीनचा कप लहान घेतला तर जोरात फिरेल, मोठा घेतला तर हळू." शेजारच्या सोफ्यावरचा दाढीवाला लॅपटॉप अर्धा मिटून बघत होता. मावशीने त्याच्यासाठी तिढा काढून पुन्हा घालून दाखवला.

त्या काळचे कारखाने असेच चालायचे. एक वाफेचं इंजिन, त्याच्या जोरावर छताखालून इमारतभर फिरणारा लांब लोखंडी शाफ्ट, शाफ्टावर पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खाली एकेका मशीनपर्यंत उतरलेला चामड्याचा पट्टा. लेथ असो, करवत असो की शिलाईयंत्र, सगळ्यांचा जीव त्या पट्ट्यात. उत्तम पट्टा बैलाच्या पाठीच्या कातड्याचा, कारण तिथे कातडं जाड आणि सारखं मिळतं, पोटाकडचं सैल पडतं. पट्ट्या चिकटवून, शिवून लांबी वाढवायची, थरावर थर चढवून जाडी. पुढे प्रत्येक मशीनला स्वतःची विजेची मोटर आली, छताखालचे शाफ्ट उतरले आणि पट्ट्यांची ती दुनिया मिटत गेली. म्हणजे आम्ही ज्या इमारतीत कॉफी पीत होतो तिथे दुसऱ्या कारखान्यांना चालवणारी वस्तू बनत होती. हे मला त्या नाडीमुळे कळलं. आधी वाचलं होतं, पण माझ्या डोक्यात पँटच होती.

"आमच्या सासऱ्यांच्या वेळी ऑइल इंजिन होतं, तेव्हा चामड्याचाच पट्टा," मावशी सांगत होती. "एरंडेल पाजायचे त्याला. कोरडा पडला की घसरतो. मग कॅनव्हासचा आला, त्याला एरंडेल लागत नाही पण वास पण नाही." दळायला आलेल्या एका बाईचा पदर पट्ट्यात गेल्याचंही तिने सांगितलं. बाई वाचली, पदर गेला. त्या दिवसापासून मावशीच्या गिरणीत पदर खोचल्याशिवाय कोणी उंबऱ्याच्या आत यायचं नाही, आणि पट्टा पूर्ण थांबल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

तिने मग काउंटरवर जाऊन विचारायला लावलं: जुन्या पट्ट्याचा एखादा तुकडा जपून ठेवलाय का? दुभाषाचं काम माझ्याकडे. काउंटरवरच्या मुलाला प्रश्न फार आवडला. उत्तर त्याच्याकडे नव्हतं. इमारतीबद्दल त्याने जे सांगितलं ते आम्हाला माहीत होतं. मावशी सोफ्यांचं चामडं चिमटीत धरून बघत परत आली. "हे गाईचं आहे. मऊ. याचा पट्टा नाही व्हायचा."

संध्याकाळी वर क्लबात गेलो. तिथे फोटो काढायला मनाई आहे, हे मला माहीत होतं, तरी एका दिव्याचा मोह झाला. फोन अर्धा वर गेला असेल, तेवढ्यात एक मुलगी हळूच येऊन वाकली आणि इतक्या मृदू आवाजात नको म्हणाली की मलाच तिचे आभार मानावेसे वाटले. मावशीला ही मनाई पसंत पडली. "गाभाऱ्यातही नाही काढू देत." इथल्या नियमाचं कारण वेगळं, येणाऱ्या प्रसिद्ध माणसांना निवांत बसता यावं. आम्हाला कोणी प्रसिद्ध दिसलं नाही, किंवा दिसलं आणि ओळखता आलं नाही.

गच्चीवर साठ फुटी तरण तलाव आहे. पूर्वेकडे डाउनटाउनच्या इमारतींची भिंत उभी, आणि त्यांत जरा उजवीकडे विलिस टॉवर, ११० मजल्यांचा, ४४२ मीटर उंच. सप्टेंबरची हवा, पाणी कोमट, आणि पाण्यात कोणीच नाही. सगळे काठावरच्या आरामखुर्च्यांत पडलेले. मी पोहायचे कपडे विसरले होते, म्हणून मीही त्यांच्यातलीच. मावशीने बूट काढले, साडी घोट्याच्या वर घेतली आणि काठावर बसून पाय पाण्यात सोडले. कोणी काही म्हणालं नाही. दहा मिनिटांनी लांबच्या खुर्चीतली एक उंच बाई उठून आली आणि तिच्या शेजारी तशीच पाय सोडून बसली. दोघींनी एकमेकींशी काय बोलणं केलं कोण जाणे, खाली उतरताना मावशीला तिच्या दोन मुलींची नावं माहीत होती.

तिसरा दिवस, शनिवार

आज पायपीट. आधी पूर्वेकडे, हॉलस्टेड ओलांडून, खालून वाहत्या महामार्गाच्या पुलावरून डेसप्लेन्स स्ट्रीट. हॉटेलपासून दहा मिनिटंसुद्धा नाहीत. लेक आणि रँडॉल्फच्या मधे, पार्किंग आणि ऑफिसांच्या गर्दीत हेमार्केटचं स्मारक आहे. मेरी ब्रॉगर यांचं शिल्प, २००४ साली बसवलेलं. चेहरा नसलेली तांबूस माणसं एक गाडा रचताहेत, की मोडताहेत, ते सांगता येत नाही.

४ मे १८८६ च्या रात्री इथेच एका गाड्यावर उभं राहून भाषणं चालली होती. आठ तासांच्या दिवसासाठी १ मेपासून संप सुरू होता. ३ तारखेला मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्याच्या निषेधाची ही सभा. पाऊस येतोसं दिसल्यावर गर्दी पांगली होती, महापौर स्वतः येऊन ऐकून घरी गेले होते. तरी पोलीस चाल करून आले, कोणीतरी बाँब टाकला, मग गोळीबार. सात पोलीस आणि निदान चार नागरिक गेले. बाँब कोणी टाकला ते आजतागायत ठरलेलं नाही, पण आठ जणांवर खटला झाला आणि नोव्हेंबर १८८७ मध्ये चौघांना फाशी दिली; एकाने आदल्या दिवशी कोठडीतच जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी माफी देऊन सोडलं. जगभरचा मे दिन तो इथला.

आधी इथे वेगळा पुतळा होता, पोलिसाचा, १८८९ सालचा. १९२७ मध्ये ट्राम रूळ सोडून त्याच्यावर आदळली. १९६९ आणि १९७० मध्ये तो दोनदा सुरुंगाने उडवला. शेवटी उचलून पोलिसांच्याच मुख्यालयात नेला, तिथे तो सुखरूप आहे. मजुरांच्या स्मारकाला यायला २००४ साल उजाडलं. चौथऱ्यावर देशोदेशीच्या कामगार संघटनांनी बसवलेल्या पाट्या आहेत; मावशी एकेक पाटीवरून बोट फिरवत चालली.

"आठ तास?" ती म्हणाली. "गिरणीत दिवाळीच्या आधी मी सोळा तास उभी असायचे."

"तू मालकीण होतीस."

"मालकीण कसली. पट्टा होते."

तिथून हॉलस्टेडची आठ नंबरची बस पकडली आणि दक्षिणेला एक्स्चेंज अव्हेन्यूपर्यंत गेलो. कातडं येतं कुठून, हे मावशीला बघायचं होतं. बघायला आता एक दरवाजाच उरला आहे. युनियन स्टॉक यार्ड्स हा गुरांचा बाजार १८६५ च्या नाताळात सुरू झाला, १९७१ मध्ये बंद पडला, आणि मधल्या काळात देशभर मांस इथून गेलं. मांसामागून कातडी, कातड्यांमागून चर्मालयं. त्या धंद्यातलं होरवीन हे १९०५ सालचं घराणं शहरात अजून कातडी कमावतं, अमेरिकन फुटबॉलच्या चेंडूंचं चामडं त्यांचंच. यार्डांचा उरलेला दरवाजा चुनखडीच्या दगडाचा, तीन कमानींचा. मधल्या कमानीवर बैलाचं डोकं कोरलेलं आहे, त्याला शर्मन म्हणतात, यार्डांचे अधीक्षक जॉन शर्मन यांच्यावरून. अधीक्षकांना हा सन्मान कसा वाटला असेल याचा मी बसमध्ये विचार करत राहिले. दरवाजाच्या मागच्या बाजूला कामावर असताना जीव गमावलेल्या अग्निशामकांचं स्मारक. २२ डिसेंबर १९१० च्या आगीत इथे एका दिवसात एकवीस जवान दगावले. आजूबाजूला गोदामं आणि ट्रक. मावशीने बैलाला नमस्कार केला. लांबून, बूट न काढता.

परतताना फुल्टन मार्केटमधून चालत आलो. हा सगळा भाग मूळचा घाऊक मांस-भाजीचा. २०१५ मध्ये शहराने त्याला वारसा म्हणून जाहीर केलं, तोवर क्लब, रेस्टॉरंटं आणि ऑफिसं आत शिरली होती. मॅकडोनाल्ड्सचं मुख्यालय २०१८ पासून इथे आहे. मला आवडली ती फुल्टनवरची जुनी शीतगृहाची इमारत, आता तिथे गुगल बसतं. २०१३ मध्ये ती रिकामी केली तेव्हा आतल्या नळ्यांवर, छतावर, भिंतींवर दशकानुदशकांचा बर्फ जाडजूड लोंबत होता. बांधकामाला हात लावायच्या आधी अख्खी इमारत वितळवावी लागली. फ्रीजचं बटण बंद करून दार उघडं ठेवायचं आणि खाली फडकी पसरायची, तेच, पण दहा मजल्यांचं.

"किती फडकी लागली असतील," मावशी म्हणाली, आणि मला खात्री आहे की ती खरंच हिशेब करत होती.

रात्री पाय दुखत होते. टब समोर होता. दोघींनीही त्याच्याकडे पाहिलं आणि दिवा मालवला.

चौथा दिवस, रविवार

दुपारचं विमान. सकाळी मावशी म्हणाली, एक मजला बघायचा राहिला, व्यायामाचा. गेलो. आत चक्क बॉक्सिंगचं पुरं रिंगण आहे, दोऱ्यांसकट. रविवार सकाळ असून दोघं-तिघंच घाम गाळत होती. मावशी रिंगणाजवळ क्षणभर रेंगाळली, वजनांच्या रांगेकडे तिने पाहिलंही नाही, आणि ट्रेडमिलपाशी येऊन वाकली. पुढे बघितलं, मागे जाऊन बघितलं. बोटाने कडेचा ताण चाचपला.

"हा घे," ती म्हणाली. "तीन दिवस शोधत होते. पुढे रूळ, मागे रूळ, आणि मधे पट्टा."

मला हसू आलं, तिला नाही. "चालू कर."

तिने पदर कमरेला घट्ट खोचला, निऱ्या एका हातात धरल्या, दुसऱ्या हाताने दांडी. मी सगळ्यात कमी वेग लावला. पांढरे बूट टाकत ती चालायला लागली, मान खाली, नजर पट्ट्यावर. मिनिटभराने विचारलं, "हा पुढे कशाला जोडलाय?"

"कशालाच नाही."

"मग याच्यावर दळतात काय?"

"चरबी."

आता मात्र ती हसली, आणि अशी हसली की पाऊल चुकलं आणि निऱ्या हातातून सुटल्या. शेजारी धावणाऱ्या पोराने कानातलं काढून बघितलं. "बंद कर, बंद कर, जाईल नाहीतर साडी आत."

मी बटण दाबलं. वेग हळूहळू उतरत गेला. मी म्हटलं उतर आता, खाली काळी टॅक्सी येऊन उभी असेल. ती उतरली नाही. दांडी धरून एकेक पाऊल टाकत राहिली, आणि पट्टा पूर्ण थांबल्यावर, आणखी एकदा खाली बघून घेऊन, मग तिने पाय जमिनीवर ठेवला.